ई-पुस्तकांचे माझे पैसे कुणाच्या खात्यात गेले : किंडल, ॲप आणि थेट लेखक

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी 31 वर्षं हिशेब लिहितोय. घरी आम्ही तेलुगू बोलतो, कारखान्यात तेलुगू, कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात येतात, पण वाचन माझं शाळेपासून मराठीच. 2018 पासून मी ई-पुस्तकं विकत घेतो आणि प्रत्येक पुस्तकाची नोंद एका लांब वहीत ठेवतो. तारीख, नाव, किंमत, कुठून घेतलं, प्रकाशक कोण. मार्चअखेर कारखान्याचे ताळे जुळवताना सहज तीही वही काढली. 187 पुस्तकं, 19,640 रुपये. मग शेजारी एक नवा रकाना आखला : यातले लेखकाला किती पोचले असतील? तो भरायला बसलो आणि चांगला महिनाभर त्यात अडकलो. हे परीक्षण त्या रकान्यातून निघालंय.

आधी यंत्राबद्दल. माझ्याकडे किंडल पेपरव्हाइट आहे, म्हणजे ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, 2021 साली आलेलं, 6.8 इंची पडद्याचं. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलीनं पुण्याहून पाठवलं. साधारण 14 हजार पडले. वजन 205 ग्रॅम, म्हणजे आमच्या कारखान्यातल्या दोन हलक्या नॅपकिनांइतकं. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, रात्री उजेड पिवळसर करता येतो आणि मोबाइलसारखा डोळ्यांवर ताण येत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात घरात झोपणं शक्य नसतं, आम्ही गच्चीवर असतो. तिथं दिवा न लावता, घरच्यांची झोप न मोडता तासभर वाचता येतं. छापील पुस्तकानं मला हे कधी दिलं नव्हतं. बॅटरी माझ्या वाचनाला तीन आठवडे जाते. यंत्र म्हणून मी पैकीच्या पैकी गुण देतो. डोळ्यांचा त्रास असलेल्या, साठीकडे झुकलेल्या वाचकांनी तर बिनधास्त घ्यावं.

मराठी पुस्तकं किंडलवर डिसेंबर 2016 पासून आली, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमसोबत. आज बरीच मिळतात, पण घेण्याआधी नमुना उतरवून बघायची सवय लावा. तो फुकट असतो. काही प्रकाशकांनी पानांचे फोटो काढून तेच ई-पुस्तक म्हणून चढवलेत. त्यात अक्षर मोठं होत नाही, पान ढकलत बसावं लागतं. माझ्या वहीत अशी सहा पुस्तकं आहेत. नमुना न बघता घेतलेली.

दुसरी वाट मराठी ई-पुस्तकांच्या ॲपची. बुकगंगावर मराठी प्रकाशकांची जेवढी ई-पुस्तकं एका ठिकाणी दिसतात तेवढी मला दुसरीकडे सापडली नाहीत. तिथली पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये वाचायची असतात, त्यामुळे ती मी टॅबवर वाचतो. कथासंग्रह, दिवाळी अंक यासाठी मला ते चालतं. शिवाय ई साहित्य प्रतिष्ठान आहे. तिथं लेखकांच्या संमतीनं पुस्तकं मोफत देतात, नवा लेखक चाखून बघायला ती चांगली जागा.

आता जे दुखलं ते सांगतो. आणखी एका ॲपवर, त्याचं नाव घेत नाही, मी तीन वर्षांत 23 पुस्तकं घेतली होती. एक दिवस ॲप उघडेना. दोन दिवसांनी इंग्रजीत दोन ओळींचा मेल आला की सेवा थांबवत आहोत. पुस्तकं गेली. पैसे परत नाहीत, फाइल नाही, फोन उचलणारं कुणी नाही. 23 पुस्तकांत दोन अशी होती की त्यांची छापील आवृत्ती केव्हाच संपलेली. एकात मी शंभरेक खुणा करून ठेवल्या होत्या, आमच्या समाजाच्या जुन्या लग्नविधींबद्दलच्या. आई गेल्यावर त्या विचारायला घरात कुणी उरलं नव्हतं, म्हणून केलेल्या.

ई-पुस्तक विकत घेताना आपण वाचण्याची परवानगी घेतो, वस्तू आपली होत नाही, हे तेव्हा पुरतं कळलं. मोठ्या कंपन्यांतही हे घडलंय. मायक्रोसॉफ्टनं 2019 मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा विकलेली पुस्तकं वाचकांच्या यंत्रांवरून गेली. त्यांनी निदान सगळ्यांचे पैसे परत केले, आणि पुस्तकात टिपणं करून ठेवलेल्यांना वर 25 डॉलर दिले. टिपणांची किंमत असते हे कुणीतरी मान्य केलं, याचं मला बरं वाटलं. किंडलचंही एक ध्यानात ठेवा. विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीनं ठेवायची सोय 26 फेब्रुवारी 2025 पासून बंद झाली. त्यामुळे तिथं घेतलेलं पुस्तक तिथंच राहणार असं धरून चाला.

सोलापुरात 'गिरणी बंद पडली' हे वाक्य ऐकत आमची पिढी मोठी झाली. वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाली तेव्हा साचे कुठे गेले, जागा कुणाला गेली, याची चर्चा वर्षानुवर्षं चालली. कामगारांचं येणं मात्र कुणाच्या खतावणीत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्रकाशन बंद पडतं तेव्हाही असंच होतं, लेखक तिथला कामगार असतो. देशपातळीवरचं उदाहरण वेस्टलँडचं. ॲमेझॉननं 2016 मध्ये टाटांच्या ट्रेंटकडून ती प्रकाशनसंस्था घेतली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. नावाजलेल्या लेखकांची चालू पुस्तकं विक्रीतून निघाली, ई-पुस्तकंसुद्धा. पुढे त्याच वर्षी वेस्टलँडची माणसं प्रतिलिपी या ऑनलाइन कथा-मंचासोबत आली आणि नाव पुन्हा उभं राहिलं. इंग्रजीत लिहिणाऱ्या मोठ्या लेखकांसाठी कुणीतरी पुढं आलं. मराठीत जिल्ह्याच्या गावी बसून लिहिणाऱ्यासाठी कोण येणार?

अशाच एका लेखकाला मी जवळून पाहिलं. सात रस्त्याजवळ राहतात, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेत. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. तेलंगणातून सोलापुरात आलेल्या विणकर कुटुंबांवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक 2005 मध्ये निघालं, 1,100 प्रती. 2006 चं साहित्य संमेलन सोलापुरात झालं तेव्हा मी ते तिथल्या स्टॉलवर घेतलं होतं. माझ्या आजीच्या तोंडची चार गाणी त्यात आहेत, सरांनी आमच्या गल्लीत फिरून गोळा केलेली. प्रकाशक दुसऱ्या गावचे, जुनं घराणं. मालक वारले, मुलांना रस नव्हता, टाळेबंदीनंतर गोडाऊन सोडलं. उरलेल्या प्रती किलोवर गेल्या. सरांना हे कळलं ते एका रद्दीवाल्याकडे स्वतःचंच पुस्तक दिसलेल्या विद्यार्थ्याच्या फोनवरून. मानधनाचा चेक त्यांना आयुष्यात एकदाच आला होता.

मी म्हटलं, "सर, ई-पुस्तक काढू या की."

सर म्हणाले, "हक्क त्यांच्याकडे आहेत ना, दिवाणजी. माझ्याकडे काय उरलंय?"

"करार दाखवा बघू."

करार म्हणजे प्रकाशनाच्या लेटरहेडवरचा एक कागद निघाला. त्यात टक्केवारी होती, मुदत कुठंच नव्हती. कोर्टात काम करणाऱ्या एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. त्यांनी 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 काढून दाखवलं : हक्क दिल्याच्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणजे सरांचे हक्क केव्हाच सरांकडे परत आले होते. चौदा-पंधरा वर्षं ते आपलंच पुस्तक दुसऱ्याचं समजत बसले होते. तरीही त्यांनी प्रकाशकांच्या जुन्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं. पत्र परत आलं, ते त्यांनी फाइलला लावून ठेवलं. तुमच्या ओळखीत कुणी लेखक अशा अडचणीत असतील तर त्यांना जुना करार शोधायला सांगा आणि तो वकिलांना दाखवा.

पुढचा प्रश्न फाइलचा. पुस्तकाची अक्षरजुळणी भवानी पेठेतल्या एका डीटीपीवाल्या अण्णांनी केली होती. आता ते तीन भाषांत लग्नपत्रिका करतात, पुस्तकाचं काम येत नाही म्हणाले. माळ्यावरून जुना संगणक काढला, धूळ फुंकली, आणि खरंच पेजमेकरमधली फाइल उघडली. सगळं पुस्तक जसंच्या तसं. सरांचे डोळे भरून आले. पण ती श्रीलिपीच्या जुन्या फाँटात होती, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला कळणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीत, नव्हती. त्या काळची बहुतेक मराठी पुस्तकं अशीच जुळलेली आहेत. त्या फाँटात अक्षरं दिसतात मराठी, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी कळांची रांग असते. दुसऱ्या यंत्रावर नेलं की सगळं चिरफळतं.

अण्णांनी एका सॉफ्टवेअरनं युनिकोडमध्ये बदलून दिली, मी तिची ईपब, म्हणजे अक्षर लहानमोठं करता येणारी ई-पुस्तकाची फाइल, करून घेतली आणि 'सेंड टू किंडल'नं माझ्या यंत्रावर घेतली. किंडल 2022 पासून ही ईपब फाइल घेतं, एवढी सोय फार मोलाची आहे. पहिलं पान उघडलं. 'सर्व'च्या जागी 'सवर्'. 'किती'च्या जागी 'िकती', वेलांटी एकटीच पुढे लोंबकळत. रफार जुन्या फाँटात अक्षरानंतर टाकायचा असायचा, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, आणि बदलताना सॉफ्टवेअरनं अर्ध्या ठिकाणी तो क्रम तसाच ठेवलेला. आजीच्या गाण्यांतले तेलुगू शब्द तर ओळखू येईनात. पहिल्या चाळीस पानांत मी 312 चुका काढल्या. वहीला तीन रकाने केले : पान, काय आहे, काय हवं. रोज रात्री गच्चीवर थोडी पानं. सकाळी कामावर जाताना वहीचा फोटो अण्णांना पाठवायचा, ते पत्रिकांच्या कामातून वेळ काढून दुरुस्ती करायचे. 268 पानांना साडेसात आठवडे लागले. अण्णांना पैसे विचारले तर म्हणाले, "माझं नाव शेवटच्या पानावर घाला, दुरुस्तीचं मी काही घेणार नाही." नाव घातलंय. मी आग्रह करून चार हजार दिले. डीटीपीवाल्यांचं काम पुस्तकात नेहमी न दिसणारं राहतं, आणि प्रकाशन बुडाल्यावर पुस्तकाची शेवटची प्रत त्यांच्याच माळ्यावर असते.

किंमत ठेवली 150 रुपये. आणि इथं मला माझा नवा रकाना भरता आला. 100 रुपयांमागे काय होतं ते बघा. छापील मराठी पुस्तकावर लेखकाला साधारण 10 ते 15 टक्के मिळतात, मिळाले तर. किंडलवर लेखकानं स्वतः पुस्तक चढवलं तर दोन दर आहेत, 35 टक्के आणि 70 टक्के. भारतातल्या विक्रीवर 70 हवे असतील तर पुस्तक ॲमेझॉनच्या 'केडीपी सिलेक्ट' योजनेत घालावं लागतं. त्याचा अर्थ 90 दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही, लेखकानं स्वतःसुद्धा नाही. 70 च्या दरात फाइलच्या आकाराप्रमाणे थोडी कपातही असते, फोटो जास्त असले की ती वाढते. 'किंडल अनलिमिटेड'च्या वर्गणीत कुणी वाचलं तर लेखकाला पानांप्रमाणे मिळतं. वाचकानं अर्ध्यात सोडलं तर अर्ध्याचेच. म्हणून वर्गणीतून घेतलेलं मराठी पुस्तक मी शेवटच्या पानापर्यंत नेतो.

सरांनी 35 चा दर घेतला, कारण त्यांना थेट विकायची मोकळीक हवी होती. थेट म्हणजे असं : वाचक यूपीआयनं 150 रुपये सरांच्या खात्यात टाकतो, सरांची नात मेलवर ईपब पाठवते. पूर्ण दीडशे त्यांचे. पाच महिन्यांत थेट 94 प्रती गेल्या, किंडलवर 17. थेट विक्रीचे 14,100 रुपये झाले. प्रकाशकाकडून आलेला तो एकच चेक याच्या निम्म्याहून कमी होता.

वाचकाच्या बाजूनंही मला थेट फाइल सर्वात भरवशाची वाटते. ती माझ्या संगणकावर आहे, पेनड्राइव्हवर आहे, मेलमध्ये आहे. उद्या कुणाचं दुकान बंद झालं तरी आजीची गाणी माझ्याकडे राहतील. गैरसोयही आहे, ती लपवत नाही. पैसे टाकल्यावर कधी फाइल दहा मिनिटांत येते, कधी दुसऱ्या दिवशी, कारण नातीची परीक्षा असते. नमुना बघायला मिळत नाही. नात पहिलं प्रकरण मागितलं तर पाठवते, तेवढं मागून घ्या. आणि किंडलवर फाइल कशी चढवायची हे सत्तरीच्या वाचकाला फोनवर समजावून सांगणं सोपं नाही, मी तसे अकरा फोन केलेत.

थेट फाइलला कुलूप नसतं, आणि तिथं वाचकाची जबाबदारी येते. होम मैदानावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एका सकाळी कुणीतरी तिथं 'छान पुस्तक, अवश्य वाचा' असं लिहून सरांचंच पुस्तक टाकलं. 2005 ची छापील प्रत पानापानानं स्कॅन करून बनवलेली पीडीएफ. सर त्या ग्रुपवर आहेत. त्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि दिवसभर काही बोलले नाहीत. टाकणारे गृहस्थ भले आहेत, त्यांना लेखकाचं नावही नीट दिसलं नसेल. मी त्यांना मैदानावर गाठून सगळं सांगितलं. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या 150 रुपये पाठवले, वर आणखी दोन प्रतींचे पाठवून मुलांना भेट दिल्या. पीडीएफ ग्रुपवरून काढली. पण तोवर ती किती ग्रुपांत गेली असेल याचा माझ्याजवळ हिशेब नाही. असं पुस्तक तुमच्याकडे आलं तर पुढे पाठवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तसंच किंडलवर पुस्तक वाचून संपवून सात दिवसांच्या आत परत करायची सवयही सोडा. परत केलेल्या पुस्तकाचे पैसे लेखकाच्या खात्यातून वजा होतात. लेखकांनी यावर आवाज उठवल्यावर 2022 मध्ये ॲमेझॉननं नियम कडक केला, थोडंच वाचलेलं असेल तरच आपोआप परत घेतात.

कराचं एक सांगायलाच हवं, कारण ते माझं रोजचं काम आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर आहे. 2018 च्या जुलैमध्ये तो 5 टक्के केला, पण ज्या पुस्तकाची छापील आवृत्ती आहे त्याच ई-पुस्तकाला. कधी छापलंच गेलं नाही अशा ई-पुस्तकाला 18 टक्के. प्रकाशक कमी होत चाललेत, नवा लेखक नाइलाजानं थेट ई-पुस्तक काढतो, आणि जास्त कर त्याच्याच पुस्तकावर. टॉवेलच्या धंद्यात दरातला एक टक्का इकडचा तिकडे झाला तरी आमचे मालक संघटनेत धाव घेतात. लेखक-वाचकांच्या संस्थांनी हा प्रश्न दर अर्थसंकल्पाआधी लावून धरायला हवा.

आता मी कसं घेतो ते सांगतो. लेखक हयात आहे आणि थेट विकतोय असं कळलं तर आधी त्याच्याकडून. ते नसेल तर मराठी प्रकाशकाचं ई-पुस्तक ॲपवरून, प्रकाशक चालू आहे ना हे फोन करून विचारून. फोन करायला लाजू नका, दोन प्रकाशकांनी माझ्याशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि एकानं जुनं पुस्तक ई-स्वरूपात आणायचं कबूल केलं. किंडलवर मी अजूनही दर महिन्याला दोन-तीन घेतो, विशेषतः लेखकानं स्वतः चढवलेली. तिथं आवडलेल्या पुस्तकाखाली मराठीत चार ओळी अभिप्राय जरूर लिहितो. सरांच्या पुस्तकाखाली सात अभिप्राय आले तेव्हा नागपूरच्या, इंदूरच्या वाचकांचे फोन त्यांना यायला लागले. माझ्या वहीच्या नव्या रकान्यात 19,640 पैकी लेखकांना पोचलेले म्हणून मला फार तर पाच हजार मांडता आले. या वर्षी निम्मे तरी पोचतील असं बघतोय.

सरांचं दुसरं पुस्तक, 2009 चं, त्याच प्रकाशनाकडे होतं. तीही फाइल अण्णांच्या माळ्यावर निघाली. काल रात्री गच्चीवर पहिली दहा पानं बघितली. वेलांट्या या वेळी जागेवर आहेत. 'पूर्व भाग' मात्र सगळीकडे 'पूवर् भाग' झालाय, 46 ठिकाणी. सकाळी वहीचा फोटो अण्णांना पाठवलाय.